खंडेनवमीची लखलखीत वजनं

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघा नातवंडांनी विचारलंत की माकणीची तुमची ताई आयटीआयमध्ये नेमकं शिकली तरी काय. मी "यंत्रांचं काहीतरी" असं म्हणून वेळ मारून नेली, कारण गॅसवर दूध होतं. पण असं अर्धवट उत्तर देऊन मला चैन पडत नाही. म्हणून आता नीट बसून लिहिते. दूध तापवून, झाकून ठेवलं आहे.

ही ताई म्हणजे माझ्या धाकट्या जावेची नात. बारावीनंतर ती उमरग्याला माझ्याकडे राहायला आली, कारण माकणीहून रोज जाऊन-येऊन शिकणं म्हणजे अर्धा दिवस एसटीतच. तिने घेतलेल्या ट्रेडचं नाव इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक. कारखान्यात वाफेचा दाब किती, रस किती तापला, टाकीत पाणी किती, हे आत डोकावून बघता येत नाही. ते दाखवणारी यंत्रं असतात, आणि एका खोलीत बसलेली माणसं त्या यंत्रांवर विश्वास ठेवून बटणं दाबतात. यंत्रं खरं सांगतात की नाही हे तपासणारं आणि बिघडली की दुरुस्त करणारं माणूस म्हणजे आपली ताई. तेव्हा ती अजून तशी व्हायची होती.

तिच्या अभ्यासाचा पहिला फायदा मलाच झाला. मी रोज सकाळी घरच्या यंत्रावर बीपी मोजते आणि चिकटवलेल्या कागदावर लिहिते. आकडा सारखा वर. मी भाजीतलं मीठ कमी केलं, लोणचं बंद केलं, पापडाकडे पाठ फिरवली. ताईने आठवडाभर तो कागद बघितला आणि म्हणाली, "आज्जी, तुमचं बीपी वाढलंय का यंत्राचं डोकं फिरलंय, ते आधी बघाव लागंल."

मला घेऊन ती आपल्या डॉक्टरांकडे गेली. त्यांच्याकडे अजून पाऱ्याचं जुनं यंत्र आहे. एकदा त्यावर, एकदा आमच्यावर, पुन्हा त्यावर, पुन्हा आमच्यावर. बाहेर पेशंट खोकत होते. आमचं यंत्र दर वेळी जास्त दाखवत होतं. डॉक्टर हसून म्हणाले, "मॅडम, यंत्र बदला, आणि जेवणात चिमूटभर मीठ घाला."

"यालाच कॅलिब्रेशन म्हणत्यात," ताई परतीच्या वाटेवर म्हणाली. "ज्याच्यावर भरोसा हाय, त्याच्या शेजारी दुसऱ्याला उभं करायचं."

संध्याकाळी आम्ही दोघी तिची इंग्रजी पुस्तकं वाचत असू. मी उच्चार सुधारायचे आणि ती अर्थ सांगायची. मला शेक्सपिअरपेक्षा ती पुस्तकं अवघड गेली, पण मजा आली. एकदा ती सांगत होती की यंत्राकडून खोलीत येणारा विजेचा संदेश शून्यापासून सुरू होत नाही, चारपासून होतो. टाकी रिकामी असली तरी चार. मी विचारलं, असं का? तर म्हणे शून्य आलं तर समजायचं तार तुटली. मी म्हटलं, "म्हणजे वर्गात हजर असून गप्प बसलेली मुलगी वेगळी, आणि गैरहजर वेगळी." तिने ते उदाहरण दुसऱ्या दिवशी वर्गात सरांना ऐकवलं आणि माझं नाव सांगितलं, म्हणून मला ती जास्तच आवडली.

आता खरी गोष्ट.

दुसऱ्या वर्षाच्या दसऱ्यानंतर आठवड्याभरात आपल्या जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचे लोक आयटीआयमध्ये यायचे होते. हंगाम सुरू होण्याआधी त्यांना चार शिकाऊ उमेदवार हवे होते. प्रात्यक्षिक घेणार, आवडलं तर निवडणार. ताईला ती जागा फार हवी होती. तिच्या वडिलांचं म्हणणं होतं की शिकून झालं की परत ये, मग पुढचं बघू. पुढचं म्हणजे काय ते तुम्हाला कळलं असेलच. निवड झाली तर ते गप्प बसणार होते, तसा शब्द त्यांनी दिला होता. त्यामुळे त्या दिवसांत ताई जेवताना चमच्याच्या जागी पाना हातात धरून आली असती तरी मला नवल वाटलं नसतं.

आयटीआयमध्ये दरवर्षी खंडेनवमीला वर्कशॉपची साफसफाई आणि यंत्रांची पूजा होते. सगळ्या यंत्रांना हळदकुंकू, झेंडूचे हार, नारळ, पेढे. आपण बौद्ध, पूजा करत नाही, आणि दुसऱ्या दिवशी आपला धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस असतो, विहारात जायचं असतं. ताईला पूजेत उभं राहायचं नव्हतं, पण वर्गापासून वेगळं पडायचंही नव्हतं. म्हणून तिने मैत्रिणींना सांगून टाकलं, "हळदकुंकू तुमी करा. घासायपुसायचं सगळं माझ्याकडं."

मैत्रिणींना काय, आनंदच.

आदल्या दिवशी सकाळी तिने माझ्याकडे चिंच मागितली. माझ्या बरणीवर 'चिंच, जुनी' अशी चिठ्ठी असतेच. मी चांगला गोळा काढून दिला. थोडी राखही दिली. आपल्याकडे दर शनिवारी तांब्याची घागर अशीच लख्ख होते, आणि ती घागर बघून आलेली बाई एकदा तरी "अगं बाई!" म्हणते. ताईचा हात घासण्यात माझ्यासारखाच आहे. डागावर डोळा ठेवून घासते, डाग हरेपर्यंत.

तिने काम घट्ट धरून ठेवणारा लोखंडी व्हाइस घासला, पाने पुसले, टेबलं धुतली. मग कपाटातून एक लाकडी पेटी काढली. पेटीत मखमलीच्या खळग्यांत पितळेच्या जाड चकत्या बसवलेल्या होत्या, सगळ्या एकाच मापाच्या. वर्षानुवर्षं पडून काळपट तपकिरी झालेल्या. एवढ्या छान पेटीत असल्या मळक्या चकत्या तिला बघवेनात. चिंच लावली, राख लावली, आणि एकेक चकती आरशासारखी करून परत ठेवली. खंडेनवमीला त्या पेटीवर मैत्रिणींनी सगळ्यात मोठा हार घातला.

दसऱ्यानंतर वर्कशॉप उघडलं, सरांनी पेटी उघडली, आणि ते तसेच उभे राहिले.

"ही कुणी घासली?"

ताईने हात वर केला. शाबासकी मिळणार म्हणून ती हसतही होती, असं तिच्या मैत्रिणीने मला नंतर सांगितलं.

"काय केलंस गं बाई हे!" सर खाली स्टुलावर बसले. "अगं, ही वजनं हायत. भांडी न्हायत!"

आता तुम्हाला हे समजलं पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं वाया जाईल. वर्कशॉपमध्ये दाब मोजायच्या काट्यांची, म्हणजे गेजची, परीक्षा घेणारं एक यंत्र आहे. त्याला डेड वेट टेस्टर म्हणतात. आत तेल असतं. एका उभ्या दट्ट्यावर ही वजनं ठेवायची आणि हातचाक फिरवून तेलावर दाब वाढवत जायचं. तेलाने वजनं उचलून धरली की दाब नेमका किती हे कळतं, कारण वजन ठाऊक आहे आणि दट्ट्याची जाडीही ठाऊक आहे. शेजारी लावलेल्या गेजने तेवढाच आकडा दाखवला पाहिजे. म्हणजे सगळ्यांची परीक्षा घेणारा मास्तर हाच, आणि मास्तरचा सगळा भरवसा त्या चकत्यांवर. त्या हातमोजे घालून उचलायच्या. त्यांचं वजन तपासून प्रमाणपत्र मिळालेलं असतं. चिंचेने मळाबरोबर थोडं पितळही जातं, आणि ते गेलं की प्रमाणपत्राला अर्थ उरत नाही.

पुन्हा तपासायला पाठवायची तर महिना जाणार. कारखान्याचे लोक येणार आठवड्यात. प्रात्यक्षिक ह्याच टेस्टरवर.

ताई घरी आली ती चप्पल दारात उलटी टाकून. माझ्या घरात चपला उलट्या पडत नाहीत, त्यामुळे काहीतरी झालं हे मला लगेच कळलं. मागोमाग तिची मैत्रीण आली, आपल्याच जिल्ह्यातल्या वाशीची, तोंडाने भारी तिखट.

"आज्जी, हिला समजावा," ती म्हणाली. "कारखान्याचे लोक काय पेटीत तोंड घालून बघणार हायत का? चकाचक दिसली तर उलट खूश होतील."

"आन् इचारलं तर?" ताई म्हणाली.

"तर म्हणायचं, आमच्या हितं लई स्वच्छता असती."

"सर सांगणारच हायत त्यांना. लपवायचं न्हाय म्हणलेत."

"मग झालं! तेवढं ऐकून ते पोरं निवडाया लातूरला जातील न्हाय तर सोलापूरला. आख्ख्या वर्गाची वाट लावली ह्या बाईनं. म्या तुला म्हणलं व्हतं, हळदकुंकू लाव आन् गप बस."

दोघी रडल्या, मग मी चहा केला, मग दोघींनी माझ्या डब्यातली खारी संपवली. त्या विषयातलं मला काही कळत नव्हतं, आणि कळत नसताना उपदेश करायची सवय मी शाळेतल्या नोकरीबरोबर सोडली.

ताईच बशी बाजूला करून म्हणाली, "किती पितळ गेलं, एवढं तरी कळाया पायजे. आज्जी, गावात सोन्याचा काटा कुणाचा चांगला हाय?"

मग तिने सांगितलं की एक चकती घासण्यातून वाचली होती. ती पेटीत नव्हतीच, टेस्टरवरच राहिली होती, आणि टेस्टरवर कापड झाकलेलं होतं. तिच्याशी बाकीच्या ताडून बघायच्या, असा ताईचा बेत होता.

सरांनी परवानगी दिली, पण पेटी एकटी बाहेर जाऊ द्यायला ते तयार नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी ते स्वतः मोटारसायकलवर आले, मागे ताई, ताईच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेली पेटी. मी आधीच सराफाच्या दुकानात जाऊन बसले होते. हा सराफ माझा जुना विद्यार्थी. इंग्रजीत कायम काठावर पास.

"या मॅडम. स्पेलिंग सोडून काय पण विचारा," तो म्हणाला. दिवाळी जवळ आलेली, दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी. पेटी उघडल्यावर त्याने एक चकती बघितली आणि आवाज खाली आणला. "मॅडम, हे पितळ हाय. मी पितळ घेत न्हाय."

"विकायचं नाही, तोलायचं आहे," मी म्हटलं.

तो काटा पुसत होता, तोवर ताईने वाकून काट्याची बाजू बघितली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काका, तुमच्या काट्याचा शिक्का ह्या वर्षीचा हाय न्हवं?"

बांगड्या बघणाऱ्या एका बाईंनी हातातली बांगडी खाली ठेवली.

"मॅडम!" सराफ कळवळला. "ही पोरगी माझं दुकान बंद करायला आणलीत का? ऐन दिवाळीत?" मग त्याने काटा सगळ्यांकडे वळवून वजनमापे खात्याचा शिक्का दाखवला, बांगडीवाल्या बाईंना दोनदा. "व्हय, ह्याच वर्षीचा. बघा, चष्मा लावून बघा."

"आता पंखा बंद करा," ताई म्हणाली.

"आँ?"

"वाऱ्यानं आकडा हलतोय."

पंखा बंद झाला. गिऱ्हाइकं पदराने वारा घेत उभी राहिली, पण जागची हलली नाहीत. फुकटचा तमाशा कोण सोडतो? सर हातमोजे घालून एकेक चकती ठेवत होते, ताई आकडा वाचत होती, आणि प्रत्येक चकतीनंतर ती न घासलेली काळी चकती पुन्हा ठेवून बघत होती. सराफाला ते कळेना.

"हिला किती बार तोलताय? ती काय दर बारीला बाळंत व्हणार हाय का?"

"काटा जागेवर हाय का बघाव लागतं, काका."

शेवटी उत्तर निघालं. काळ्या चकतीपेक्षा घासलेल्या चकत्या हलक्या होत्या. सगळ्यात जास्त घासलेली सुद्धा फक्त तांदळाच्या दाण्याएवढी.

"एवढंच?" सराफ म्हणाला. "एवढ्या सोन्यासाठी गिऱ्हाईक माझ्याशी भांडतं. पितळासाठी रडताना पहिल्यांदाच बघतोय." त्याने पंखा लावला, आणि पैसे विचारल्यावर म्हणाला, "मॅडमनी मला पास केलं तेव्हा पैसे घेतले व्हते का?" मी घेतले नव्हते. पासही मोठ्या कष्टाने केला होता.

सर मात्र हसले नाहीत. बाहेर येऊन ते ताईला म्हणाले, "फरक लहान निघाला हे नशीब. पण आता साहेबांना तूच सांगायचं. घासलंस तू, तोललंस तू."

परीक्षेच्या दिवशी मी डबा घेऊन गेले. डबा हे निमित्त होतं, हे तुम्हाला सांगायला नको. वर्कशॉपच्या खिडकीबाहेर कडुलिंबाची सावली आहे, तिथे बाकावर बसले की आतलं दिसतंही आणि ऐकूही येतं. कारखान्याचे इंजिनिअर साहेब मध्यम वयाचे, पोट थोडं पुढे, बोलणं मवाळ. मुलं एकेक करून टेस्टरवर जात होती. ताईची पाळी आली तेव्हा तिने वजनाला हात लावला नाही. आधी हात मागे बांधून उभी राहिली.

"साहेब, आधी सांगायचंय. ही वजनं म्या घासली. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी."

खिडकीतून मला वाशीच्या मैत्रिणीचा चेहरा दिसला. तिने डोळे मिटून घेतले होते.

साहेबांनी मान वर केली. "कशानं?"

"चिंच आन् राख."

"लिंबू न्हाय?"

"न्हाय साहेब. घरी चिंच व्हती."

साहेब सरांकडे बघायला लागले. सरांनी छताकडे बघितलं. मग ताईने सराफाच्या काट्याचं, काळ्या चकतीचं, तांदळाच्या दाण्याचं सगळं सांगितलं. ती घाबरली की भराभर बोलते, पण त्या दिवशी हळू बोलली.

"ती काळी आणि बाकीच्या, आधी सारख्याच वजनाच्या होत्या हे तुला कसं माहीत?" साहेबांनी विचारलं.

हा प्रश्न मला सुचला नव्हता, सरांना सुचला होता की नाही कोण जाणे.

ताईने एकदा काळ्या चकतीकडे, एकदा गेजकडे बघितलं. मग म्हणाली, "न्हाय माहीत. आधी कुणी तोललंच न्हाय. पण साहेब, फरक याच्या धापट धरला, तरी आजच्या गेजवर तो दिसणार न्हाय. गेजच्या काट्याचं टोकच त्याच्यापेक्षा जाड हाय. बारीक कामाला ही वजनं आता चालायची न्हायत, ती तपासायला पाठवाय पायजेत. आजच्या कामाला चालतील."

"धापट म्हणजे?"

"दहापट, साहेब."

"बरं. कर सुरू."

तिने हातमोजे घातले, वजनं चढवली, चाक फिरवलं. वजनं तेलावर उचलली गेली तशी तिने ती बोटाने हळूच फिरवली. अडकून राहू नयेत म्हणून तसं फिरवायचं असतं. गेज वाचला, आकडा सांगितला, पुढचं वजन चढवलं. लातूर-सोलापूरला जायचं कुणी नावही काढलं नाही. साहेबांनी बाकीच्या मुलांचीही परीक्षा त्याच वजनांवर घेतली.

दुपारी फलकावर चार नावं लागली. वाशीच्या मैत्रिणीचं पहिलं. ताईचं चौथं, म्हणजे शेवटचं.

मैत्रीण इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या वेल्डिंगच्या वर्गातली मुलं बाहेर आली. मला वाटलं, ताईही उड्या मारील. ती फलकासमोर उभी राहून भुवया आवळून बघत होती.

"चौथी?" ती म्हणाली.

"निवड झाली ना!" मी म्हटलं.

"झाली की. पण चौथी?" आणि मला काही कळायच्या आत ती साहेबांच्या जीपकडे पळाली. मी माझे गुडघे सांभाळत मागे. साहेब पाय आत टाकतच होते.

"साहेब, वजनांचे मार्क कापले का?"

"वजनांचे? छे. ते तर मी आमच्या लोकांना सांगणार आहे." साहेब बसले आणि दार ओढून घेतलं. "तू गेज वरून वाचत होतीस. डोळा काट्यासमोर पाहिजे. उंच आहेस, तर वाकायचं. दर वेळी अर्धी रेघ चुकवलीस." जीप गेली.

रिक्षात ताई रस्ताभर बाहेर बघत होती. हायवेवर ट्रकांची रांग लागलेली, त्यामुळे रिक्षाही रेंगाळत होती. मधेच ती म्हणाली, "आज्जी, म्या वाकले व्हते."

"नव्हतीस," मी म्हटलं. "मी खिडकीतून बघत होते."

"थोडी वाकले व्हते."

"मान वाकवलीस. कंबर नाही."

घरी आल्यावर तिने आधी माकणीला फोन लावला. फोनवर तिच्या वडिलांचा आवाज मला पलीकडच्या खोलीत ऐकू येत होता, पहिल्यांदा मोठा, मग एकदम हळू, मग आईकडे फोन दिल्यावर आनंदाची रड. "व्हय, झाली निवड. दिवाळीनंतर जायचंय," एवढं ताईने घाईघाईत सांगितलं, आणि पुढचा सगळा वेळ ती आईला वाकायचं कसं असतं आणि वरून बघितलं की काटा कसा सरकल्यासारखा दिसतो, हेच समजावून सांगत बसली.